नूतनला घराण्याने मोठं केलं, की तिने घराण्याला?

सांजवारा
सध्या नूतनचे चित्रपट ओळीने पाहते आहे. 'सीमा' संपला आणि घरात वाद पेटला. भाऊ म्हणाला, आजच्या स्टारकिड्सना आपण नावं ठेवतो, मग नूतनचं नाव निघालं की गप्प का? आई शोभना समर्थ, 'रामराज्य'मधली (१९४३) सीता. वडील कुमारसेन दिग्दर्शक. नलिनी जयवंत नात्यातली मावशी. १९५० मध्ये 'हमारी बेटी' आईनेच काढला, दिग्दर्शनही आईचंच, आणि लेक अवघी १४ वर्षांची. मला त्याचं पटत नाही, पण नीट उत्तरही देता आलं नाही. तुम्हाला काय वाटतं?

कोपऱ्यातला प्रेक्षक
भावाचं बरोबर आहे. नूतन माझीही आवडती, म्हणून काही खरं बदलत नाही. पहिले चित्रपट झाल्यावर ती स्वित्झर्लंडला शिकायला गेली, परत आली आणि पुन्हा नायिका झाली. मागे कुणी नसलेल्या मुलीला असं मध्येच थांबणं परवडलं असतं? तिची जागा दुसरीने घेतली असती. घराण्याचा फायदा पहिल्या संधीपुरता नसतो, दुसऱ्या संधीत तो जास्त असतो.

इंद्रायणीकाठ
दुसऱ्या संधीचा मुद्दा मान्य. पण 'सीमा' (१९५५) अमिय चक्रवर्तींचा, 'सुजाता' (१९५९) आणि 'बंदिनी' (१९६३) बिमल रॉय यांचे. बिमलदांवर समर्थ घराण्याचं कसलं देणं होतं? 'बंदिनी'तला विषाचा प्रसंग आठवा. जिची सेवा करतोय ती त्रासदायक रुग्ण आपल्याच माणसाची बायको आहे, हे कल्याणीला कळलेलं असतं. बाहेर लोखंडावर घण पडत असतात, चेहऱ्यावर उजेड येतो-जातो, आणि नूतन जवळजवळ काही बोलत नाही. एका चेहऱ्यावर संताप, भीती आणि हरवलेपण एकामागून एक उमटतं. मी तो प्रसंग किती वेळा पाहिला याची गणती नाही. हे आई शिकवू शकते? आणि 'बंदिनी' आला तेव्हा ती विवाहित होती, मुलगा मोहनीश लहान होता. लग्न झालं की नायिकेचे दिवस संपले, असं मानणारा तो काळ.

जुनी रीळ
मला 'घराणं' हा शब्दच खटकतो. शांतारामबापूंकडे राजकमल होता, राज कपूरकडे आर.के. समर्थांकडे कुठला स्टुडिओ होता? नवऱ्यापासून वेगळी झालेली, चार मुलांची आई, स्वतः कमावणारी बाई. तिने लेकीसाठी चित्रपट काढला. त्याला वशिला म्हणताना माझी तरी जीभ अडखळते.

कोपऱ्यातला प्रेक्षक
शोभनाबाईंच्या कष्टांबद्दल आदरच आहे. पण कष्टाने मिळवलेली ओळखही ओळखच. १९६० मध्ये त्यांनीच 'छबिली' केला, त्यात नूतनबरोबर तनुजा. म्हणजे धाकटीलाही तेच दार. ज्या मुलींच्या आया पडद्यावर नव्हत्या, त्या कुठे गेल्या हे आपल्याला कधीच कळणार नाही. माझी हळहळ त्यांच्यासाठी आहे, नूतनविरुद्ध नाही.

इंद्रायणीकाठ
ही हळहळ मलाही आहे. तरी हिशेब पाहा: 'सीमा', 'सुजाता', 'बंदिनी', 'मिलन' आणि 'मैं तुलसी तेरे आंगन की', प्रमुख भूमिकेसाठी पाच फिल्मफेअर. पहिला ऐन विशीत, पाचवा चाळिशी ओलांडल्यावर. घरातलं कुणी त्या आकड्याला पोचायला २०१०चा 'माय नेम इज खान' यावा लागला, आणि ती काजोल, तनुजाची मुलगी. दार सगळ्यांना तेच होतं ना?

जुनी रीळ
सांजवारा, भावाला 'सौदागर' (१९७३) दाखवा. नवखा अमिताभ आणि खजुराच्या रसाचा गूळ बनवणारी नूतन. नवऱ्याने आपल्याला फक्त गुळासाठी घरात आणलं, हे कळतं तेव्हाचा तिचा चेहरा बघायला सांगा.

सांजवारा
आज रात्री लावते. 'बंदिनी' त्याने काल एकट्याने पाहिला. वशिल्याचं मत अजून तेच आहे, पण विषाचा प्रसंग मागे नेऊन पुन्हा पाहिला, हे त्याने स्वतःहून सांगितलं.