‘स्टॅक फ्रेम’ला मराठीत काय म्हणावे : चौकट, थर की नोंद?

प्रश्न (वडोदरा) : ज्या शहरात १९३१ साली राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत शेजारीशेजारी मांडणारा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ निघाला, तेथे राहून ‘स्टॅक’ तसाच वापरणे मला जड जाते. डीबगरमध्ये, म्हणजे प्रोग्राममधील चुका शोधण्याच्या साधनात, प्रोग्राम थांबवल्यावर कोणत्या फंक्शनने (प्रोग्राममधील एक काम करणाऱ्या तुकड्याने) कोणाला बोलावले हे दिसते, त्याला मी ‘चळत’ म्हणतो. तव्यावरून शेवटी उतरलेली पोळी जशी सर्वांत वर बसते आणि आधी ताटात जाते, तसेच शेवटी बोलावलेले फंक्शन आधी संपते. गुजरातीच्या सहवासाने आमच्या तोंडी ‘थप्पी’ अधिक आहे, पण विटांची थप्पी दिवसेंदिवस तशीच उभी राहते, म्हणून चळतच बरी. या चळतीत एकेका बोलावण्याचा जो भाग असतो त्या ‘फ्रेम’साठी मात्र ‘चौकट’ पटत नाही. ‘थर’ चालेल का?

उत्तर : चौकट म्हटले की रिकामी कड डोळ्यांपुढे येते, आणि येथे महत्त्व आतल्या ऐवजाला आहे : त्या एका बोलावण्याची आर्ग्युमेंट्स (फंक्शनला दिलेली मूल्ये), स्थानिक व्हेरिएबल्स (त्याची स्वतःपुरती मूल्ये) आणि काम संपल्यावर कोठे परतायचे तो पत्ता. फंक्शनने स्वतःलाच पाच वेळा बोलावले तर फंक्शन एकच राहते, पण असे ऐवज पाच होतात. हे ‘थर’ या शब्दातून नीट कळते. तरी एक अडचण आहे. लिहिलेल्या प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कम्पायलर पुष्कळदा लहान फंक्शन बोलावणाऱ्याच्या कोडमध्येच विरघळवून टाकतो. तेव्हा मेमरीत त्याचा वेगळा थर नसतो, पण जीडीबी हा डीबगर कम्पायलरने सोबत ठेवलेल्या डीबग-माहितीच्या आधारे त्याची वेगळी ओळ दाखवू शकतो. म्हणून मेमरीत असतो तो थर आणि डीबगर दाखवतो ती ‘नोंद’, असा भेद करावा. ‘ॲक्टिव्हेशन रेकॉर्ड’ ही जुनी संज्ञाही नोंदीच्याच बाजूची आहे.

‘वरचा’ आणि ‘खालचा’ ही विशेषणे मात्र कटाक्षाने टाळावीत. जीडीबी चालू फंक्शनला शून्य क्रमांक देऊन ते सर्वांत वर छापतो, आणि बोलावणाऱ्याकडे नेणारी ‘अप’ ही आज्ञा आपल्याला छापील यादीत खालच्या ओळीवर नेते. पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा ट्रेसबॅक (चूक झाल्यावर छापली जाणारी बोलावण्यांची यादी) शेवटचे बोलावणे तळाशी छापतो. ‘बोलावणारा’ आणि ‘बोलावलेला’ म्हटले की गोंधळ उरत नाही.

प्रश्नकर्ता : भेद पटला. पायथनमधील जनरेटर, म्हणजे एकेक मूल्य देऊन मध्येच थांबणारे व पुढे तेथूनच चालू होणारे फंक्शन, मूल्य देणाऱ्या ‘यील्ड’पाशी थांबतो तेव्हा त्याची फ्रेम चळतीतून निघते, पण स्थानिक व्हेरिएबल्ससह जिवंत राहते. तिला काय म्हणावे?

उत्तर : नोंदच. चळतीबाहेर थर असू शकत नाही. नोंद असू शकते.