मदत हवी आहे: पहिल्या महायुद्धातली थाळी आणि दोन बिल्ले, जपायचे कसे आणि माणूस शोधायचा कसा?

खेड तालुक्यातलं आमचं जुनं घर पावसाआधी उतरवायला घेतलंय. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक पुरचुंडी सापडली. आत दोन बिल्ले आणि फितींचे तीन तुकडे. तिसरी वस्तू ट्रंकेत नव्हतीच, ती माझ्या लहानपणापासून स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून होती. साधारण बारा सेंटिमीटरची, चांगली वजनदार थाळी. तिच्यावर शिरस्त्राण घातलेली उभी बाई आहे, हातात पानांचं कडं आणि पुढ्यात सिंह. आम्ही पोरं तिला 'वाघाचं झाकण' म्हणायचो. चौकटीत उठावाच्या रोमन अक्षरांत नाव आहे हे कधी कोणी वाचलंच नाही. सखाराम, आणि पुढे आमचंच आडनाव. कडेने इंग्रजीत लिहिलंय, 'तो स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला'.

बिल्ल्यांपैकी एक चांदीचा आहे, त्यावर राजाचं डोकं. दुसरा पितळेसारखा, त्यावर पंखवाली बाई. दोन्हींच्या कडेवर बारीक ठोकलेली अक्षरं आहेत. दिव्याच्या उजेडात तिरकं धरून वाचली: नंबर, शिपाई, नाव, '११७ मराठाज'. फितींपैकी एक इंद्रधनुष्यासारखी, एक मधे नारिंगी आणि कडेला निळी, एक लाल-पांढरी-निळी.

घरात एवढंच सांगतात की आजोबांचे एक चुलते 'बसऱ्याला (इराकमधलं बंदर) गेले ते आलेच नाहीत'. कोणी म्हणतं वेढ्यात उपाशी मेले, कोणी म्हणतं बोटीवर.

आता चूक कबूल करतो. थाळी मी ठाण्याला आणली, आणि मी ऑफिसात असताना काकीने चिंच लावून लख्ख घासली. तिचा हेतू चांगलाच होता, गणपतीची भांडी ती अशीच उजळते. पण आठवड्याभरात सिंहाच्या पायापाशी फिकट हिरवे ठिपके आले. बोट लावलं की भुकटी निघते. हे काय आहे? बिल्ले पण घासायचे का? सोनार चांदीच्या बिल्ल्याला वजनावर भाव द्यायला तयार आहे, तो विषय आम्ही बंद केलाय. न्यू जर्सीचा पुतण्या म्हणतो, मला द्या, फ्रेम करून हॉलमध्ये लावतो. आणि मुख्य म्हणजे हे सखाराम नेमके कुठे गेले, हे शोधायचं कसं?

प्रतिसाद १
आधी हात थांबवा. बिल्ल्यांना ब्रासो, पितांबरी, चिंच, राख, काहीही लावायचं नाही. शंभर वर्षांत चढलेला काळपट थर हेच त्यांचं संरक्षण आहे, आणि कडेवरची अक्षरं घासून बोथट झाली तर पदक कोणाचं हेच कळणार नाही. थाळीचं प्रकरण नेहमीच्या कळंकासारखं दिसत नाही. ती कांस्याची आहे आणि कित्येक वर्षं लोणच्याच्या मिठावर बसली होती. मीठ धातूत मुरलं की दमट हवेत ते आतून पोखरत राहतं, आणि वर अशी भुकटी येते. चिंचेने वरचा थर गेला, म्हणून आता दिसलं. तेल लावू नका, पाण्याने धुऊ नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर वेगळी ठेवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारून बघा.
बिल्ले नाण्यांच्या अल्बमच्या मऊ प्लॅस्टिकमध्ये घालू नका, ते प्लॅस्टिक काही वर्षांनी चिकट होतं. फिती उन्हात नकोत. आणि ट्रंकेत कागद असतील तर लॅमिनेशन अजिबात नको!

प्रतिसाद २
ही थाळी मेलेल्या सैनिकाच्या घरी पाठवायचे. इंग्रज लोक तिला मेलेल्याचा पैसा म्हणायचे. हुद्दा मुद्दामच लिहिलेला नसतो, मरणात सगळे सारखे म्हणून.
मला तुमच्या फितीत जास्त रस आहे. इंद्रधनुष्यवाली विजय पदकाची, नारिंगी-निळी चांदीच्या युद्ध पदकाची. लाल-पांढरी-निळी मात्र '१९१४-१५ चा तारा' नावाच्या तिसऱ्या पदकाची, आणि तो तारा तुमच्याकडे नाही. तो ३१ डिसेंबर १९१५ पर्यंत आघाडीवर पोचलेल्यांनाच मिळायचा. इराकमधल्या कुत-अल-अमारात ब्रिटिशांच्या फौजेला तुर्कांचा वेढा डिसेंबर १९१५ च्या सुरुवातीला पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी आत अडकल्या होत्या. म्हणजे वेढ्यात असलेल्या माणसाला तारा हवाच. नुसते दोन बिल्ले असते तर मी म्हटलं असतं, हा गडी नंतरच्या भरतीतला. पण सुटी फीत घरात उगाच कोण आणून ठेवेल? तारा हरवलाय, ट्रंक पुन्हा झाडा.
११७ ची पुढे १९२२ मध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पाचवी, रॉयल बटालियन झाली. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला पत्र टाका. पण त्याआधी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या (CWGC, महायुद्धांत मेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणारी संस्था) संकेतस्थळावर शोधा, फुकट आहे. बसऱ्याच्या स्मारकावर साध्या भारतीय शिपायांची नावं कोरलेली नाहीत, पलटणीखाली नुसता आकडा आहे. नोंदींत मात्र नावं आहेत. आडनावाचं स्पेलिंग कारकुनाच्या कानावर असायचं, तेव्हा नंबर टाकूनच शोधा.
पुतण्याला प्रेमाने नाही म्हणा. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू पुरावस्तू ठरते, ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही.

धागाकर्ता
दोघांचे आभार. नंबरवर एकच नोंद निघाली. आडनावात एक अक्षर भलतंच, गाव बरोबर, खेड, रत्नागिरी. बसरा स्मारक. तारीख जुलै १९१६ ची, म्हणजे वेढ्यात नाही, शरणागतीनंतर, कैदेत. पुढे एक ओळ आहे: 'येसूचा पती'.
त्यांचं लग्न झालेलं होतं हे माझ्या वडिलांनाही ठाऊक नव्हतं. गावच्या आत्याला फोन केला, ती ब्याऐंशीची आहे. म्हणाली, "येसूकाकी ना? पडवीतल्या खोलीत एकटी असायची. ती बरणी तिचीच रे. झाकणाला कोणाला हात लावू द्यायची नाही."
तारा अजून सापडलेला नाही. पडवीची जमीन मजूर परवा खणणार आहेत, त्यांना थांबायला सांगितलंय. माती चाळण्याचा अनुभव कोणाला आहे का? चाळणी किती बारीक लागेल?