मदत हवी आहे: जनरेटरचा धुराचा पाईप वर न्यायचाय

मंडळी नमस्कार. मंगळवार पेठेत आमचं चटणी कांडपाचं दुकान आहे. मार्च ते मे आमचा सीझन आणि लाईटही नेमकी तेव्हाच जाते. डंक (कांडपाचं यंत्र) अर्ध्यात थांबला की गिऱ्हाईक डबा घेऊन ताटकळतं. म्हणून गेल्या वर्षी जुना २५ केव्हीए क्षमतेचा डिझेल जनरेटर घेतला आणि मागच्या बोळात पत्र्याखाली बसवला.

धुराचं तोंड छातीच्या उंचीवर, समोर मागच्या काकूंचं स्वयंपाकघर. परवा त्यांनी दोरीवरची पांढरी चादर आणून आमच्या काउंटरवर पसरली. काजळीचे हे एवढे ठिपके. बोलल्या काहीच नाहीत. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. काजळी निदान दिसते तरी, कार्बन मोनॉक्साईड तर दिसत नाही की वास येत नाही.

पाईप वीस फूट वर न्यायचा विचार आहे. वेल्डर म्हणतो, सायलेन्सरच्या अडीच इंची तोंडाला दोन इंची जीआय (जस्त चढवलेला) पाईप लावू, दोन काटकोनी एल्बो टाकू, विषय संपला. मला पटेना. तोंड बारीक केलं तर धूर तुंबून इंजिनावर बॅकप्रेशर (उलटा दाब) येणार नाही का? पाईप किती इंची घेऊ? वजन कशावर टाकू? आणि आपल्याकडचा जुलैचा पाऊस?

उत्तर (उद्यमनगर):
भावा, वेल्डरला चहा पाजून परत पाठव. लांबी वाढली की पाईप मोठा करायचा असतो, बारीक न्हाई. तीन इंची तरी घे, साडेतीन मिळाला तर लई भारी. साधा काळा एमएस (जस्त नसलेला पोलादी) पाईप घे. जीआय वेल्डिंगला तापला की जस्ताचा धूर सुटतो. एल्बो नको, लांब वळणाचे बेंड टाक. इंजिनाला लागून फ्लेक्सिबल बेलो (लवचिक नळीचा तुकडा) पाहिजेच, नाहीतर थरथरीनं मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या भागाला, तडा जाईल. वजन सगळं भिंतीच्या ब्रॅकेटवर. पण क्लॅम्प आवळून टाकू नको, वीस फुटी पाईप तापून दोनेक सेंटीमीटर वाढतो. पत्र्यातून नेताना भोक मोठं ठेव, वाशाला चिकटवू नको. खालच्या टोकाला पाणी काढायला प्लग, वर झडपेची टोपी.

आणि घर किती उंच आहे? पाईपच्या उंचीचा नियम असाय: इमारतीची उंची अधिक ०.२ गुणिले केव्हीएचं वर्गमूळ, मीटरमध्ये. २५ चं वर्गमूळ ५, म्हणजे छपराच्या वर एक मीटर.

मूळ प्रश्नकर्ता:
दादा, घर दोन मजली, सात मीटर भरेल. म्हणजे आठ मीटर, सव्वीस फूट! माझे वीस फूट काकूंच्या गच्चीच्याच तोंडाशी आले असते. मग एवढ्या लांबीला तीन इंची पुरेल का?

उत्तर (उद्यमनगर):
मग चार इंचीच घे. आणि बॅकप्रेशर मोजायला सायलेन्सरच्या आधी पाईपला भोक पाडून त्यावर एक नट वेल्ड करून ठेव. फुल लोडवर तिथं तांब्याची नळी आणि पुढं पाण्याची यू-नळी लाव. दोन्हीकडच्या पाण्यात दहा सेंटीमीटरचा फरक म्हणजे साधारण एक किलोपास्कल दाब. तो आकडा इंजिनाच्या पुस्तकातल्या मर्यादेशी ताडून बघ आणि इथं टाक.