मदत हवी आहे: पाच वर्षांची मुलगी बाहेर नेली तरी खेळत नाही (पुणे, कोथरूड)

नमस्कार मंडळी,

लेक जूनमध्ये पाच पूर्ण झाली, मोठ्या गटात आहे. मोबाईलचं म्हणाल तर तो ती फारसा मागत नाही, त्यामुळे 'आधी स्क्रीन बंद करा' हा सल्ला कृपया नको. आमचं दुखणं वेगळं आहे. बाहेर नेलं की तिला काय करायचं तेच कळत नाही. बागेत झोका, घसरगुंडी झाली की पायाशी येऊन उभी राहते, "आता काय करू?" हाताला माती लागली की हात पुढे करते, पुसून द्या म्हणून. गवतात अनवाणी तर नाहीच नाही.

सोसायटीत खेळायला जागा म्हणजे पेव्हर ब्लॉक, आणि एक हिरवळ जिच्यावर 'खेळण्यास मनाई' अशी पाटी आहे. शेजारी बांधकाम चालू आहे, पण आता सगळीकडे क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू. आमच्या लहानपणी नदीच्या वाळूचा ढीग पडला की आख्खी गल्ली शंख-शिंपले शोधायला जमायची. या काळ्या भुकटीत शोधणार काय?

एआरएआय टेकडीवर नेतो शनिवारी. ती चालते बिचारी, पण "अजून किती राहिलं?" एवढंच विचारते. 'मुलांसाठी निसर्ग अनुभव' अशी एक कार्यशाळाही झाली, सभागृहात. पानाचं चित्र रंगवून घरी आली.

सासूबाईंना डेंगीची आणि भटक्या कुत्र्यांची भीती वाटते, आणि ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. दुसरीकडे आम्हा दोघांनाही शाळेपासून चष्मा, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांनी रोज बाहेर काढा असं बजावलंय.

रोज संध्याकाळी तासभर आणि सुट्टीची सकाळ एवढा वेळ मी नक्की काढू शकते. त्या वेळात नेमकं करायचं काय, की करायचंच नाही? क्लास आणि शिबिरं सोडून सुचवा.

खिडकीतली_चिमणी: कमला नेहरू पार्कला न्या ना, छान आहे.

धागाकर्ती: जातो हो. झोका-घसरगुंडी ती तिथलीच.

मधली_सुट्टी: बालवाडीत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा लांबण लावते.

झोक्यावर झोकाच घेता येतो. दोन-चार दिवसांत मुलाला त्यातलं सगळं कळतं आणि मग कंटाळा येतो, त्यात मुलीचं काही चुकत नाही. तिला हलवता, ओतता, रचता, मोडता येईल असं काहीतरी लागतं. पिशवीत एक खुरपं, जुनं पातेलं, डाव आणि पाण्याची मोठी बाटली टाका. टेकडीवर वर जायचा हट्ट सोडा. पहिला चढ संपला की सपाटी बघून बसा, आणि दर वेळी त्याच जागी बसा. आपल्याला तोचतोचपणा वाटतो, पण मुलाला तीच जागा ओळखीची झाली की मग 'काल इथे बीळ नव्हतं' असली वाक्यं येऊ लागतात.

"आता काय करू?" ला उत्तर देऊ नका. रागाने नाही, सहज. "मी शेंगा निवडतेय, तू बघ तुझं" म्हणायचं आणि खरंच शेंगा निवडायच्या. सुरुवातीला ती रडकुंडीला येईल. तुम्ही फोन काढलात तर मात्र सगळं मुसळ केरात.

मातीचं म्हणाल तर हाताने सुरुवात करू नका. आधी डाव, मग काठी, मग ओली वाळू. ओला रुमाल जवळ ठेवा आणि मागितला की लगेच द्या. हात पुसता येतील ही खात्री असली की मुलं जास्त घाण करतात, हा माझा अनुभव. मात्र कपड्यांची शिवण टोचणं, ठरावीकच पदार्थ खाणं, मिक्सरच्या आवाजाने कान झाकणं असंही सोबत असेल, तर बालरोगतज्ज्ञांशी एकदा बोला.

सूरपारंब्या: वरचं सगळं मान्य, पण मुख्य गोष्ट राहिली. एकटं मूल आईबरोबर किती खेळणार? आम्ही डबा ऐसपैस, लगोरी, विषामृत खेळलो ते आई-वडील घेऊन गेले म्हणून नाही, गल्लीत दहा पोरं होती म्हणून. तेही सगळ्या वयाची. मोठ्यांनी नियम सांगायचे, लहानांनी लिंबूटिंबू म्हणून धावायचं. सोसायटीतली सात-आठ वर्षांची दोन पोरं सोबत न्या आणि तुम्ही लांब बसा. एकाच वयाची चार मुलं नेलीत तर भांडणं सोडवण्यातच संध्याकाळ जाईल.

चष्मेबहाद्दर: डोळ्यांपुरतं लिहितो, व्यवसाय तोच आहे. घरात दिवे लावून साधारण 300 ते 500 लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, बाहेर उन्हात दहा हजारांच्या कितीतरी वर. डोळ्याची लांबी वाजवीपेक्षा वाढली की लांबचं धूसर दिसतं आणि चष्मा लागतो; ती वाढू न देण्यात या उजेडाचा वाटा आहे असं मानलं जातं. तैवानने 2010 पासून शाळांमधून मुलांना रोज 120 मिनिटं बाहेर काढायचा कार्यक्रम याच कारणासाठी राबवला. तुमच्या उपयोगाचं म्हणजे झाडाची सावलीही चालते, घरापेक्षा तिथे खूपच जास्त उजेड असतो. पळायलाच पाहिजे असंही नाही, बसून माती उकरली तरी डोळ्यांचं काम होतं. दिवेलागणीनंतर खाली नेऊन मात्र डोळ्यांना काही मिळणार नाही, सध्या साडेसहाच्या सुमारासच सूर्य मावळतो. जमलं तर शाळेतून परस्पर न्या. फायदा आहे तो नंबर लागायला उशीर होण्यात. एकदा लागला की फक्त यावर विसंबू नका.

धागाकर्ती: शाळेतून परस्पर! हे सुचलंच नव्हतं. घरी आलं की कपडे, दूध, मग निघायचा कंटाळा. सासूबाईंचं काय करू?

टेकडीकर: त्यांना सांगा, डेंगीचा डास दिवसा चावतो आणि साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. म्हणजे कुंडीखालची ताटली आणि फ्रिजमागचा ट्रे. मुलीला घरात ठेवून तो टळत नाही. टेकडीवर पूर्ण बाह्या, पूर्ण पायजमा घाला, झालं. कुत्र्यांसाठी दोनच नियम: खाऊ उघडा न्यायचा नाही आणि कुत्रं आलं तर पळायचं नाही.

सापाचंही सांगून ठेवतो. गवतात बसण्याआधी काठी आपटा. दगड उलटायचा तर पलीकडची कड धरून आपल्याकडे उचलायचा, म्हणजे खाली जे काही असेल त्याला निघायची वाट आपल्या विरुद्ध बाजूला मिळते. मुलीला हे शिकवा, फार आवडेल. दगडाखाली पैसा किडा सापडतो, हात लावला की गोल वेटोळं करतो. किड्यांना घाबरणाऱ्या मुलांसाठी सुरुवात याच्यापासून बरी, कारण घाबरतो तो!

सध्या सप्टेंबर आहे, टेरडा फुललाय. त्याची पिकलेली बोंडं दाबली की फटकन फुटून बिया उडतात. माझा पुतण्या त्यातच तास काढतो.

गॅलरीतली_बाग: घरूनही सुरुवात करता येईल. कुंडीत कढीपत्ता असेल तर कोवळी पानं बघा. लिंबू आणि कढीपत्त्यावर काही फुलपाखरं अंडी घालतात. अळी लहान असताना हुबेहूब पक्ष्याची विष्ठा दिसते, मोठी झाली की हिरवीगार. काडीने हळूच डिवचली की डोक्यामागून रंगीत शिंग बाहेर काढते आणि घाण वास सोडते. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत (2015 साली जाहीर झालं) याच कुळातलं, त्याची अळीही लिंबूवर्गीय झाडांवर वाढते. एकदा गॅलरीत अळी पाळली की बाहेर नेल्यावर मुलं आपणहून पानं उलटी करून बघतात. टेकडीच्या वाटेवर रुईवर पट्टेरी अळ्या दिसतील, पण रुईचं पान तोडू देऊ नका, चीक डोळ्यात गेला तर वाईट.

सूरपारंब्या: कढीपत्ता अळी खाणार आणि आमटीत काय घालणार?

गॅलरीतली_बाग: दोन कुंड्या ठेवायच्या, आजोबा.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. शाळेतून परस्पर जायचं आणि पिशवीत खुरपं-पातेलं, एवढं सोमवारपासून करते. तिसऱ्या मजल्यावरचे दोघे भाऊ यायला तयार आहेत, त्यांच्या आईने तर लगेच हो म्हटलं. रविवारी सकाळी सात वाजता टेकडीवर कोणी मुलं घेऊन येणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. एक शेवटचं: वाट अजून निसरडी आहे, गमबूट घेऊ का?

टेकडीकर: नको. उतारावर घसरतात आणि आत पाणी गेलं की पाय सोलतात. मागे पट्टा असलेले, तळाला खाचा असलेले सँडल घ्या, एक माप मोठे नको. आणि मोज्यांची एक जादा जोडी पिशवीत.