टॅम्सुलोसिन चालू असताना टॅडालाफिल ५ चालेल का?

प्रश्न: वय ६२. प्रोस्टेटसाठी रात्री टॅम्सुलोसिन ०.४ चालू आहे. आता ताठरतेसाठी रोज टॅडालाफिल ५ मिग्रॅ लिहून दिलंय. दोन्हींनी चक्कर येते म्हणतात, खरं का?

प्रतिसाद १: येऊ शकते. दोन्हींनी रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी उतरतं. म्हणून टॅम्सुलोसिन आधी अंगवळणी पडलेलं हवं. कॅप्सूल रोज त्याच जेवणानंतर अर्ध्या तासाने, न फोडता गिळा. उपाशीपोटी घेतली तर औषध रक्तात जास्त चढतं आणि रात्री लघवीला उठताना तोल जातो. पलंगाच्या कडेवर मिनिटभर बसा, मग उभे राहा. गोळ्यांत तासा-दोन तासांचं अंतर ठेवून फार साधत नाही. टॅडालाफिल निम्मं उतरायलाच साडेसतरा तास लागतात.

प्रतिसाद २: सॉर्बिट्रेट किंवा दुसरं कुठलंही नायट्रेट (हृदयाच्या दुखण्यावरचं औषध) चालू असेल तर टॅडालाफिल अजिबात नाही. छातीत कळ आली की घरचे घाईने जिभेखाली हीच गोळी ठेवतात. शेवटच्या टॅडालाफिलनंतर किमान ४८ तास ती धोक्याची. बायकोला माहीत हवं, लाजू नका. इमर्जन्सीतल्या डॉक्टरांनाही आधी हेच सांगा.

प्रश्नकर्ता: लघवीत फरक कधी?

प्रतिसाद १: साधारण दोन ते चार आठवड्यांत. मेडिकलमधून परस्पर सर्दीची गोळी घेऊ नका, लघवी तुंबते. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर टॅम्सुलोसिनचं सांगाच, बंद केलेलं असलं तरी; बाहुली ऐनवेळी आकसते.