वाचनवाल्या मुख्याध्यापकांना पुरस्कार? आधी कपाट उघडा

पाटीपेन्सिल
आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर परवा एक पोस्ट फिरत आली. मथितार्थ असा : शाळेत वाचनाची गोडी लावणाऱ्या मुख्याध्यापकांसाठी जिल्हावार वेगळा पुरस्कार काढा, प्रस्ताव मागवा, 5 सप्टेंबरला सत्कार करा. खाली अंगठ्यांची रांग. मी दोन ओळी विरोधात लिहिल्या, तर "सर, तुमचं नेहमीचंच" म्हणून गप्प बसवलं. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

बावीस वर्षं जिल्हा परिषदेत काढली. प्रस्ताव म्हणजे काय ते मला सांगू नका. स्पायरल बाइंडिंग, रंगीत फोटो, पेपरची कात्रणं, सरपंचाचं शिफारसपत्र. राष्ट्रीय पुरस्काराला तर 2018 पासून आपलं नाव आपणच ऑनलाइन भरायचं. यात वाचन मोजणार कशाने? फोटोनेच ना?

15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन घ्या. 2015 पासून चालू आहे. एका शाळेत मी पाहिलंय, तीस कोरी पुस्तकं, प्लॅस्टिकसकट. आधी दुसरीच्या हातात दिली, फोटो. मग तीच तिसरीच्या हातात, फोटो. एका पोरीने नखाने प्लॅस्टिक सोलायला घेतलं, तर तिच्या हातावर चापट बसली. "फाडू नको गं, परत ठेवायचीत!" त्या वर्षीची फाइल फार देखणी झाली.

आणि पुरस्कार मुख्याध्यापकालाच का? पहिली ते पाचवीच्या शाळेत पट दीडशेच्या वर गेला तरच ते पद मिळतं. वाडीवरच्या दोनशिक्षकीत जो सीनियर तो प्रभारी. तोच खिचडीची नोंद करणार, तोच निवडणुकीची कामं करणार. त्याने फाइल कधी रंगवायची?

शाईचा डाग
मी मुख्याध्यापिका आहे, तेव्हा यात माझा स्वार्थ आहे असं धरूनच वाचा.

सर, खिचडीच्याही खोट्या नोंदी होतात. म्हणून खिचडी बंद करा म्हणाल का?

माझ्या शाळेत व्हरांड्यात सुतळी बांधलीय. तिला कपड्यांचे चिमटे लावून 'किशोर'चे जुने अंक टांगलेत. दुपारच्या सुट्टीनंतर वीस मिनिटं ज्याला जो हवा तो अंक घ्यायचा. पहिल्या वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "हा तास वेळापत्रकात कुठे बसतो?" पालक विचारायचे, "गोष्टी वाचून स्कॉलरशिप मिळणारे का?" सहकारी म्हणायचे, बाईंना हौस. मग तालुक्याला एक छोटासा सत्कार झाला. शाल, नारळ आणि फ्रेम केलेलं एक प्रमाणपत्र. फ्रेमची काच येतानाच तडकली. पण ती ऑफिसात लावल्यापासून एकाही साहेबाने वेळापत्रक काढलेलं नाही. शाल मी कामवाल्या मावशींना दिली. फ्रेम काढणार नाही.

आकडेमोड
भावना जरा बाजूला ठेवून. मुलांना वाचता येतं का हे दारोदार जाऊन तपासणाऱ्या 'असर' पाहणीचे देशाच्या ग्रामीण भागाचे आकडे पाहा. पाचवीतली जी मुलं दुसरीचा उतारा वाचू शकतात, त्यांचं प्रमाण 2018 ला 50.5 टक्के, 2022 ला 42.8, 2024 ला 48.8. करोनात पडलं, मग चढलं. यात शाल-नारळाचा वाटा किती?

शाईचा डाग
@आकडेमोड, आणि पुरस्कार न दिल्याचा किती? उतारा अडखळत वाचता येणं वेगळं, घंटा झाल्यावरही अंक खाली न ठेवणं वेगळं. दुसरं तुमच्या तक्त्यात येत नाही.

निवृत्त_मास्तर
दोघेही मूळ मुद्द्याला बगल देताय. पुस्तकं कपाटात का असतात ते बोला.

1994. माझी बदली झाली. चार्ज देताना जडवस्तू नोंदवही, म्हणजे शाळेच्या सामानाची वही, काढली, तर चौदा पुस्तकं कमी. पोरांनी घरी नेलेली, काही पावसात गेलेली. दोनशे बारा रुपये पगारातून कापले. वर नव्या मुख्याध्यापकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "गुरुजी, विकली का?" त्या दिवसापासून मी कपाटाला कुलूप लावलं. पुढची सोळा वर्षं प्रत्येक शाळेत माझी पुस्तकं पूर्ण भरली. एकही कमी नाही.

गावकुसाकडचा
वा गुरुजी. अभिमानाने सांगताय?

आमच्या शाळेतही असंच कपाट होतं, काचेचं. डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा. मी चार वर्षं काचेतून पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचली. कुठलं पुस्तक कुठल्या खणात, हे अजून पाठ आहे. आत काय होतं ते ठाऊक नाही. आमच्या घरात छापील कागद म्हणजे रेशनकार्ड आणि कॅलेंडर. ते कपाट उघडलं असतं तर, जाऊ दे. दोनशे बारा रुपयांपायी तुम्ही किती पोरांची सोळा वर्षं कुलपात घातलीत, त्याची वसुली कोण करणार?

निवृत्त_मास्तर
तोंड सांभाळून. तेव्हा घरात खाणारी सात तोंडं होती. आणि दुखलं ते पैशाने नाही, "विकली का" याने दुखलं. तुमच्यावर कोणी चोरीचा आळ घेतलाय कधी?

गावकुसाकडचा
गुरुजी, आमच्या वस्तीवर तो रोजच घ्यायचे. त्यासाठी पुस्तक हरवावं लागत नव्हतं.

हिशेबनीस
तीस वर्षं लेखा शाखेत होतो. नियम माहीत नसताना भांडू नका. फाटलेल्या, वाळवी लागलेल्या पुस्तकांचं निर्लेखन करता येतं, म्हणजे ती नोंदवहीतून रीतसर कमी करता येतात. यादी करा, समितीत ठराव घ्या, वर पाठवा. मास्तरांनी प्रस्तावच पाठवला नसेल, तर दोष ऑडिटचा कसा?

पाटीपेन्सिल
@हिशेबनीस, पाठवलाय मी. तीन वर्षांत उत्तर आलं एकदाच, "यादी विहित नमुन्यात नाही". नमुना मागितला, तो अजून येतोय.

अर्धवेळ
अवांतर : सगळे मुख्याध्यापक, मुख्याध्यापक करताय. हायस्कूलमध्ये ग्रंथपाल नावाचा प्राणी असतो, आठवतोय का? मी अर्धवेळ. पगार अर्धा, काम पूर्ण, शिवाय ऑफ तासाला वर्ग सांभाळायचे. वाचन वाढवलं मी आणि सत्कार घेणार मुख्याध्यापक?

शाईचा डाग
अर्धवेळ, तुमचं खरं आहे, पण प्राथमिकला तर तेही पद नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय हवं असं लिहिलंय, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींची पुस्तकंही हवीत. सांभाळणारा माणूस द्यायचा राहिला. म्हणून प्राथमिकच्या कपाटाची किल्ली मुख्याध्यापकाच्या खिशात. उघडायचं की नाही ते तोच ठरवतो, म्हणून पुरस्कार त्याला. मास्तर घाबरले, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण त्याच नोंदवहीखाली बसून एखादी उघडं ठेवते, ते कोणीतरी म्हणायला नको?

पाटीपेन्सिल
बाई, किल्लीचा मुद्दा पटला. न पटायची फार इच्छा होती.

द्या मग पुरस्कार. पण प्रस्ताव नको, फोटो नको. न सांगता जायचं, नोंदवही काढायची आणि पुस्तकं मोजायची. वर्षात पंचवीस तरी हरवलेली-फाटलेली नसली, तर शाळा बाद. सगळी शाबूत असतील तर कारणे दाखवा नोटीस.

निवृत्त_मास्तर
टोमणा कळला. (नियम वाईट नाही.)

गावकुसाकडचा
गुरुजी, मघाशी जरा जास्त बोललो. मागे घेत नाही, पण जास्त बोललो.

अर्धवेळ
माझ्या मुद्द्यावर अजून कोणीच काही बोललेलं नाही.

शाईचा डाग
पाटीपेन्सिल सरांच्या नियमात मी पहिली. यंदा एक्केचाळीस गेली. त्यातलं एक परवा सापडलं, एका मुलाच्या आजीच्या उशाशी. नातू तिला रोज दोन पानं वाचून दाखवतो म्हणे. मी परत मागितलं नाही.

हिशेबनीस
एक्केचाळीस? मॅडम, नोंदवहीत शेरा मारलाय ना?