'बँक खाते बदलले' असा मेल आमच्या नावाने गेला. पासवर्ड बदलणे पुरेसे आहे का?

प्रश्न : दिवाणजी, मार्केट यार्ड

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात मी हिशेब पाहतो. काल इंदूरच्या एका जुन्या खरेदीदारांनी फोन करून विचारले, "तुमचे खाते बदलल्याचा मेल आला आहे, या वेळचे पैसे नव्या खात्यात भरायचे का?" आम्ही असा मेल पाठवलेलाच नाही; पण त्याला जोडलेले बिल आमचेच होते, पोती, वजन आणि भाव यांत एका अंकाचाही फरक नव्हता. चौकशीत कळले की, 'मेलबॉक्स भरला आहे, आजच लॉगिन करा' अशा मेलमधील लिंक उघडून दुकानातील मुलाने मागच्या आठवड्यात पासवर्ड टाकला होता. पासवर्ड आता बदलला आहे. एवढ्याने भागेल का?

उत्तर : संगणकवाला, विश्रामबाग

भागणार नाही. चोर आत आल्यावर बहुधा मेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंगचा (आलेला मेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवणारा) किंवा फिल्टरचा (ठरावीक मेल निवडून हलवणारा वा पुसणारा) एखादा नियम घालून ठेवतो, आणि पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच राहतो, त्यामुळे तुमची बिले त्याच्याकडे जातच राहतात. सेटिंगमधील हे दोन्ही भाग आधी तपासा. मग सर्व उपकरणांवरून लॉगआउट करा, रिकव्हरीचा, म्हणजे खाते परत मिळवण्यासाठी दिलेला, मोबाइल आणि मेल तुमचाच आहे ना ते पाहा, आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी, सुरू करा.

खरेदीदारांकडून तो मेल मागवून पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता वाचा. मोबाइलवर बहुतेक वेळा नुसते नाव दिसते. पत्ता उघडला की कित्येकदा इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारीशेजारी बसवलेले सापडतात, आणि घाईत ते 'एम'च वाचले जाते.

मुलावर मात्र चिडू नका. पुढच्या वेळी तो सांगायचाच नाही.

उत्तर : बँकेतून निवृत्त, मिरज

बाकीच्या पेठांतील खरेदीदारांनाही आजच कळवा, पण मेलने नव्हे. वहीत पूर्वीपासून लिहिलेल्या क्रमांकावर फोन करून, कारण बनावट मेलमध्ये दिलेला फोनही चोराचाच असू शकतो. कोणी पैसे भरून बसले असेल, तर त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर आणि स्वतःच्या बँकेत तक्रार करावी, कारण रक्कम पुढच्या खात्यांत वळती होण्याआधीच ती गोठवता येण्याची शक्यता अधिक असते. पैसे गेले नसले तरी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-सी खाली गुन्हा आहे. मूळ मेल पुसू नका.

प्रश्नकर्ता :

नियम सापडला. ज्या मेलमध्ये 'पेमेंट' हा शब्द असेल, तो एका अनोळखी पत्त्यावर पाठवून आमच्याकडून पुसला जात होता. इंदूरकरांनी तीन दिवसांपूर्वी हीच शंका मेलनेही विचारली होती, ती आम्हाला दिसलीच नाही. नियम काढला आहे, आता वही घेऊन फोनला बसलो आहे.